वाचकांचे प्रश्न : डोंगरमाथ्यावरच्या पीटमध्ये गाडलेलं जंगल

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की ब्रिटन-आयर्लंडचे उघडेबोडके, हेदरच्या फुलांनी जांभळे होणारे डोंगरमाथे एकेकाळी झाडांनी भरलेले होते, आणि हे आपल्याला तिथल्या पीटमुळे कळतं. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मागच्या वर्षी आम्ही इंग्लंडमध्ये डार्टमूरवर फिरलो. लांबच लांब झाड म्हणून नाही, नुसतं गवत, हेदर आणि पायाखाली स्पंजसारखी जमीन. सोबतचे म्हणाले हा खरा निसर्ग, माणसाचा हात न लागलेला. तुम्ही म्हणता इथे जंगल होतं. बघितलंय कोणी?

बघितलेलं कोणी नाही, पण ज्या स्पंजवरून तुम्ही चाललात ना, तोच साक्षीदार आहे. ते पीट. दगड झिजून होते तशी ती माती नव्हे, अर्धवट कुजून तशीच राहून गेलेली झाडपाल्याची रास आहे ती. जिथे पाऊस भरपूर, हवा गार आणि पाण्याला वाहून जायला वाट नाही तिथे जमीन बारा महिने भिजलेली राहते, आत ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हटल्यावर कुजवणाऱ्या जिवाणूंचं नि बुरशीचं फारसं काही चालत नाही. त्यात भर स्फॅग्नम नावाच्या शेवाळाची. याला मुळं नसतातच, वरच्या टोकाला वाढत जातं आणि खालून मरत जातं, पाणी प्रचंड धरून ठेवतं आणि आजूबाजूचं सगळं आंबट करून टाकतं. मग दरवर्षी थोडं थोडं साठत जातं, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर पीट दिसलं की समजायचं हजार ते दोन हजार वर्षं पायाखाली आहेत. आणि या सगळ्या काळात हवेतून जे जे खाली पडलं, परागकण, वणव्याची काजळी, लांबच्या ज्वालामुखीची राख, शिशाची धूळ, ते जिथल्या तिथे अडकून बसलेलं असतं, जुनं खाली आणि नवं वर.

ते बाहेर काढायची पद्धत अगदी साधी आहे. रशियन कोअरर म्हणून एक हत्यार असतं, लांब दांड्याच्या टोकाला साधारण अर्धा मीटर लांबीची अर्धगोल नळी आणि तिला बिजागरीसारखं पातं. दोघांनी मिळून जोर लावून ते खाली दाबायचं, हव्या त्या खोलीला अर्धा फेरा फिरवायचं की नळीत पीटचा तुकडा बंद होतो, मग ओढून वर काढायचं आणि दांडा जोडून आणखी खाली जायचं. मी पहिल्यांदा असा तुकडा उघडलेला बघितला तेव्हाचं अजून डोळ्यासमोर आहे. वरचा भाग फिकट तपकिरी, शेवाळाचे धागे न् धागे दिसतायत, खाली जावं तसं काळं आणि लोण्यासारखं मऊ, आणि तळाशी आल्यावर एकदम बर्च झाडाच्या सालीचा तुकडा, चांदीसारखा चकचकीत, जणू कालच गळून पडलाय. आणि मग तो सगळाच तुकडा हवेत आल्यावर डोळ्यांदेखत काळा पडायला लागला, कारण हजारो वर्षांनी त्याला पहिल्यांदा ऑक्सिजन मिळाला होता. ज्या माथ्यावर आज काठीएवढंही झाड नाही तिथे पीटच्या बुडाशी अशी लाकडं नि बुंधे सापडतात. उत्तर इंग्लंडच्या पेनाइन्स डोंगररांगेत सापडतात, स्कॉटलंडमध्ये तर पाइनचे अख्खे बुंधे मुळांसकट उभे मिळतात.

आणि डार्टमूरला ‘हात न लागलेलं’ म्हणणं तर मला फारच खटकतं. तिथे रीव्ह म्हणतात अशा दगडी बांधांच्या ओळी आहेत, कांस्ययुगातल्या, साधारण इ.स.पू. १५०० च्या आसपासच्या, काही तर कित्येक किलोमीटर सरळ रेषेत गेलेल्या. म्हणजे आखून, वाटून घेतलेली जमीन आहे ती! १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने त्यांचा पद्धतशीर माग काढला. गवतात बुडालेले असल्यामुळे चालताना पायाखालून निघून जातात आणि कळतही नाही.

प्रश्न : परागकण इतकी नाजूक गोष्ट, हाताला लागले तरी पुसले जातात. ते सहा-सात हजार वर्षं टिकतात कसे? आणि मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

आतला जिवंत भाग टिकत नाही, टिकतं ते बाहेरचं कवच. ते स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक, आम्ल त्याला फारसं काही करू शकत नाही. एकच शत्रू म्हणजे हवा, आणि पीटमध्ये ती नसते. शिवाय प्रत्येक वनस्पतीच्या कवचाची घडण वेगळी. पाइनच्या कणाला दोन बाजूंना दोन हवेच्या पिशव्या असतात, एकदा बघितला की जन्मात विसरणार नाही. गवताचा कण गोल आणि त्याला एकच छिद्र. प्लँटेन नावाचं एक तण आहे, आपल्या इसबगोलाच्या जातकुळीतलं, त्याच्या कणावर दहा-बारा गोल छिद्रं आणि प्रत्येक छिद्राला उठावदार कड. या प्लँटेनला लक्षात ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे. आणि हे सगळं बहुतेक २० ते ४० मायक्रॉनच्या घरातलं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान.

लॅबमध्ये ठरावीक खोलीवरचं घनसेंटीमीटरभर पीट घ्यायचं, अल्कलीत उकळायचं, बारीक चाळणीतून गाळायचं, मग आम्लांनी एकेक करून बाकीचा सगळा पालापाचोळा खाऊन टाकायचा, वाळू असेल तर हायड्रोफ्लोरिक आम्ल, जे खरंच जीवघेणं आहे आणि फार जपून वापरावं लागतं. शेवटी तळाशी चिमूटभर गाळ उरतो. तो काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ४०० पट मोठा करून एकेक कण ओळखत जायचं, सहसा ३०० ते ५०० कण होईपर्यंत. मग पुढच्या खोलीचा नमुना, मग त्याच्या पुढचा. मान मोडते अक्षरशः. पण असे शंभरेक नमुने ओळीने मांडले की एल्म कधी घटला, हेझल कधी वाढलं, गवत कधी पसरलं याचा आलेख तयार होतो. ही पद्धत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये एका व्याख्यानात पहिल्यांदा मांडली आणि तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे.

आता ही शितावरून भाताची परीक्षा आहे हे खरं, आणि त्यातले खाचखळगे माहीत नसले तर माणूस भलतीकडेच जातो. पाइन एवढे परागकण उधळतं आणि ते इतके लांब उडतात की मैलभरात पाइन नसलं तरी ते नमुन्यात असतात. उलट लिंडेनच्या झाडाचा बराचसा कारभार कीटकांवर, त्यामुळे जंगलात भरपूर असलं तरी पीटमध्ये कमी दिसतं. आणि टक्केवारीचा घोळ वेगळाच : एका झाडाचे कण एकदम वाढले की बाकी सगळ्यांची टक्केवारी आपोआप घसरते, प्रत्यक्षात एकही झाड पडलेलं नसताना. त्यासाठी नमुन्यात सुरुवातीलाच लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात, त्यात बीजाणू किती आहेत हे आधीच मोजलेलं असतं, त्यांच्या तुलनेत बाकीचे कण मोजले की खरी संख्या कळते, नुसती टक्केवारी नाही.

प्रश्न : झाडं कमी झाली हे मान्य. पण ती माणसानेच तोडली कशावरून? वीज पडली असेल, रोग आला असेल, हवामान बदललं असेल.

हाच खरा प्रश्न आहे, आणि कित्येक दशकं यावर भांडण चालू आहे. म्हणून जरा सविस्तर.

१९४१ मध्ये डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहानेस इव्हरसेन यांनी दाखवलं की पीटच्या थरांत एका टप्प्यावर झाडांचे परागकण एकदम उतरतात, गवत वाढतं, धान्याचे कण येतात आणि त्याच वेळी ते प्लँटेन हजर होतं. प्लँटेनला दाट सावली चालत नाही, त्याला उघडी, गुरांच्या पायांनी तुडवलेली, चरलेली जमीन लागते. म्हणजे जंगल मोकळं करून कोणीतरी गुरं सोडलीयत. याला त्यांनी लँडनॅम म्हटलं, जमीन ताब्यात घेणं. आणि मग थोड्या वर्षांनी बर्च, हेझल परत वर येतात, म्हणजे ती माणसं पुढे निघून गेली आणि जंगलाने जागा भरून काढली.

लोक म्हणाले, दगडी कुऱ्हाडीने जंगल तोडता येतं तरी का? तर १९५० च्या दशकात इव्हरसेन आणि त्यांच्या साथीदारांनी संग्रहालयातल्या खऱ्या गारगोटीच्या कुऱ्हाडी घेतल्या, त्यांना लाकडी दांडे बसवले आणि डेन्मार्कमधल्या ड्राव्हेडच्या जंगलात जाऊन झाडं पाडली. मला यातली एक गोष्ट फार आवडते. आजच्या लाकूडतोड्यासारखा खांद्यापासून जोर लावून मोठा घाव घातला की दगडाचं पातं तुटायचं, पण कोपरातून भराभर छोटे छोटे घाव घातले की झाड व्यवस्थित पडायचं. हजारो वर्षांत कोणी त्या कुऱ्हाडींना धार लावली नव्हती तरी! मग तोडलेलं जाळलं, धान्य पेरलं. जळालेल्या तुकड्यावर पीक जोरात आलं आणि न जळालेल्यावर जेमतेम. म्हणजे आग का लावायची याचंही उत्तर मिळालं.

आता दुसरी बाजू. उत्तर-पश्चिम युरोपात जवळपास सगळीकडे इ.स.पू. ३८०० च्या आगेमागे एल्मचे परागकण झपकन खाली येतात. बराच काळ सगळे म्हणत होते की शेतकरी आले, त्यांनी गुरांना एल्मचा पाला तोडून घातला, त्यामुळे एल्म फुलायचा थांबला. पण १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये डच एल्म रोगाची साथ आली, अडीच कोटींच्या वर झाडं मेली, आणि लोकांना डोळ्यांसमोर दिसलं की एक किडा आणि एक बुरशी मिळून थोड्या वर्षांत अख्ख्या देशातला एल्म संपवू शकतात. पुढे लंडनच्या हॅम्पस्टेड हीथला त्या जुन्या पडझडीच्या थराच्या थोडं खाली तो रोग पसरवणाऱ्या भुंग्याचे अवशेष सापडले. तेव्हा माझं स्वतःचं मत असं की एल्म रोगानेच मेला, पण जंगल विरळ करणाऱ्या माणसांनी रोगाला वाट करून दिली असणार. एकाच गोष्टीवर सगळं ढकलायची घाई करू नये.

आणि शेतीच्या आधी? तिथे गोष्ट जास्त रंगतदार होते. इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये नॉर्थ गिल नावाचा एक ओढा आहे, त्याच्या उगमापाशी इयन सिमन्स आणि जिम इन्स यांनी पीटचे मिलिमीटर-मिलिमीटरचे काप काढून मोजले. मिलिमीटरभर म्हणजे थोडी थोडकी वर्षं, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात काय घडलं तेवढं बारीक दिसतं. तिथे शेती येण्याच्या कितीतरी आधी, शिकारी लोकांच्या काळात, कोळशाचे कण वाढतात, ओक कमी होतो, हेझल वाढतं, जळालेल्या जागी येणारी काही लहान झाडंझुडपं येतात, आणि काही काळाने सगळं पूर्ववत. मग परत कोळसा. हे एकदाच झालं असतं तर वीज म्हटलं असतं. पण ओलसर हवामानातलं ओकचं हिरवं जंगल सहजासहजी पेटत नाही, आणि हे पुन्हा पुन्हा, त्याच भागात, झऱ्यांपाशी आणि जंगलाच्या वरच्या कडेला, जिथे हरणं पाण्यावर येणार. जाळल्यावर कोवळा पाला फुटतो, तो खायला लाल हरणं येतात, शिकार सोपी होते. मला तरी यात माणसाचा हात स्पष्ट दिसतो. काही अभ्यासक म्हणतात, कोळसा आहे म्हणून माणूस आहे हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं, कोरड्या वर्षांत पीट आपोआपही पेटतं. त्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही, म्हणून तर आता एकट्या कोळशावर कोणी निकाल देत नाही. सोबत शेणावर वाढणाऱ्या स्पोरोर्मिएलासारख्या बुरशीचे बीजाणू बघतात, ते वाढले की चरणारी जनावरं वाढली. धान्याच्या कणांचंही तसंच, ते गवताच्या कणांपेक्षा मोठे असतात म्हणून ओळखता येतात, पण काही पाणगवतांचे कणही तेवढेच मोठे असतात, त्यामुळे एखादाच मोठा कण सापडला तर त्यावर शेती उभी करू नये.

प्रश्न : कुठला थर किती जुना हे कसं ठरवतात?

मुख्यतः रेडिओकार्बनने. सजीव मेला की त्याच्यातला कार्बन-१४ ठरावीक वेगाने घटतो, दर ५७३० वर्षांनी निम्मा. विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमाराला ही पद्धत उभी केली आणि १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता शेवाळाची काही पानं किंवा एखादी बी एवढंही पुरतं. दुसरी खूण मला जास्त सुंदर वाटते : आइसलँडच्या ज्वालामुखींची राख वाऱ्याबरोबर स्कॉटलंड-आयर्लंडच्या पीटवर येऊन पडलेली आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण मायक्रोस्कोपखाली काचेचे बारीक कपचे दिसतात आणि प्रत्येक उद्रेकाची रासायनिक घडण वेगळी. हेक्ला ज्वालामुखीचा एक मोठा उद्रेक साधारण इ.स.पू. २३०० चा, त्याचे कपचे दोन वेगळ्या डोंगरांवर सापडले की ते दोन्ही थर एकाच काळातले, शंका नाही.

प्रश्न : मी असं वाचलं की ही दलदलच माणसांनी तयार केली. डोंगराच्या डोंगर झाकणारं पीट माणूस कसं तयार करेल?

जाणूनबुजून नाही. झाड म्हणजे पाण्याचा पंप, जमिनीतलं पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतं. झाडं गेली की तेवढं पाणी जमिनीत राहतं आणि पाण्याची पातळी वर येते. वारंवार जाळल्यावर बारीक कोळसा मातीच्या भोकांत बसतो, निचरा आणखी मंदावतो. पावसाने खतमाती धुऊन खाली जाते, लोह खाली जाऊन त्याचा पातळ कडक थर जमतो आणि मग तर पाणी मुरायचंच थांबतं. त्यावर हेदर आणि शेवाळ आलं की पीट सुरू. पीटर मूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हा विचार जोरकसपणे मांडला.

याचं सगळ्यात ठसठशीत चित्र बघायचं तर आयर्लंडच्या मेयो परगण्यातलं केइड फील्ड्स. तिथले शाळामास्तर पॅट्रिक कॉलफील्ड यांनी १९३० च्या दशकात बघितलं की जळणासाठी पीट कापताना खाली दगडांच्या ओळी लागतायत, आणि त्या पीटच्या तळाशी आहेत म्हणजे पीटपेक्षा जुन्या आहेत, आणि नीट रचलेल्या आहेत म्हणजे माणसाच्या आहेत. एवढा साधा विचार, पण तोपर्यंत कोणी केला नव्हता. त्यांचा मुलगा शेमस पुढे पुरातत्त्वज्ञ झाला आणि १९७० च्या दशकापासून त्याने त्या भिंतींचा माग काढला. खणून नव्हे. लांब लोखंडी गज घ्यायचा आणि पायापायावर पीटमध्ये खुपसत जायचं. मऊ पीटमधून गज सरसर खाली जातो आणि तळाच्या जमिनीला टेकतो, आणि भिंत आली की वरच्या वर ठक्क करून अडकतो. तिथे बांबूची काठी रोवायची. अशा काठ्यांच्या रांगा लावत लावत गेल्यावर डोंगरउतारावर शेतांची अख्खी आखणी उभी राहिली, समांतर भिंती, मध्ये आडवे बांध, काही ठिकाणी चार मीटर पीटच्या खाली. वय सुमारे ५५०० वर्षं धरलं जातं, अलीकडे काहींनी ते इतकं जुनं नाही असा आक्षेप घेतलाय. पण भिंती आधी आणि पीट नंतर, यात वाद नाही.

तरी सगळं पीट माणसाच्या माथी मारता येत नाही. काही डोंगरांवर ते माणसाची काही चाहूल नसतानाही सुरू झालेलं दिसतं, आणि शेजारशेजारच्या दोन उतारांवर सुरू होण्यात हजार-हजार वर्षांचा फरक असू शकतो. मी तरी असं म्हणेन की कारण पावसाचं आणि निमित्त बऱ्याच ठिकाणी माणसाचं.

प्रश्न : पीटमध्ये माणसांची प्रेतं सापडतात म्हणे. तीही डोंगरावरच का?

बहुतेक प्रसिद्ध प्रेतं सखल भागातल्या दलदलीतली आहेत. डेन्मार्कचा टोलुंड मॅन १९५० मध्ये पीट कापताना सापडला, दोन हजारांहून जास्त वर्षं जुना असून चेहऱ्यावरचे दाढीचे खुंट दिसतात. कारण तेच, ऑक्सिजन नाही आणि स्फॅग्नमचा आंबटपणा.

प्रश्न : शेतीव्यतिरिक्त आणखी काय कळतं? खाणी, कारखाने वगैरे?

फार छान कळतं, कारण काही दलदली फक्त पावसावर जगतात, जमिनीतलं पाणी त्यांना मिळतच नाही, त्यामुळे त्यात सापडलेला धातू हवेतूनच आलेला असणार. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरांत हजारेक मीटर उंचीवर एतांग द ला ग्रुएर नावाची अशी जागा आहे, तिथल्या पीटमधून विल्यम शॉटिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शिशाचा बारा हजारांहून जास्त वर्षांचा हिशोब मांडला. रोमन काळात शिसं-चांदी वितळवायची तेव्हा उंचवटा, मग उतार, मध्ययुगात परत चढ, औद्योगिक क्रांतीत आणखी, आणि सगळ्यात वरचं टोक १९७९ चं, पेट्रोलमधल्या शिशाचं. वेल्समध्ये कोपा हिलला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची तांब्याची खाण आहे आणि खाणीशेजारच्याच पीटमध्ये त्या काळची धातूची धूळ आणि परागकण दोन्ही आहेत. म्हणजे खाणीसाठी किती जंगल गेलं हे तिथल्या तिथे तपासता येतं. आणि गंमत म्हणजे वाटतं तेवढं गेलेलं दिसत नाही, झाडं कमी होऊन परत भरून आलेली दिसतात.

प्रश्न : भारतात डोंगरावर असं पीट आहे का?

आहे, नीलगिरीत, साधारण २००० मीटरच्या वरच्या खोलगट भागांत. आणि तिथून जे कळलं ते ब्रिटनच्या बरोब्बर उलटं. तिथे शोला जंगलांचे पट्टे आणि मध्ये गवताळ उतार असं दृश्य आहे. इंग्रजांना वाटलं गवत म्हणजे झाडं तोडून उजाड झालेली जमीन, म्हणून त्यांनी त्यावर ऑस्ट्रेलियातून आणलेली झाडं लावली, वॅटल आणि ज्याला आपण मराठीत त्या डोंगरांवरून निलगिरीच म्हणतो ते झाड. १९९३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे आर. सुकुमार आणि सहकाऱ्यांनी पीटमधल्या कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कार्बनचेच कमी-जास्त वजनाचे प्रकार, तपासले. झाडं आणि उष्ण प्रदेशातली बरीचशी गवतं कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे पीट कशापासून झालंय ते त्यातून कळतं. निष्पन्न असं की गवत तिथे वीस हजार वर्षांपूर्वीही होतं, हिमयुगाच्या कोरड्या काळात तर जोरात होतं, आणि मान्सून वाढल्यावर झाडं पुढे सरकली. म्हणजे जे उजाड वाटलं ते मूळचंच होतं, आणि डार्टमूरला जे मूळचं वाटतं त्यात माणसाचा हात. नुसतं बघून ठरवलं की दोन्हीकडे चूक होते.

प्रश्न : हे पीट असंच राहणार का? आणि आजचा थर हजार वर्षांनी कोणी उघडला तर त्याला काय दिसेल?

राहिलं तर ना. चर खणून पाणी काढून टाकलं की पीट सुकतं, सुकलं की हवा शिरते आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं, त्यातला कार्बन हवेत जातो आणि परागकणही जातात. इंग्लंडच्या डोंगरांवर विसाव्या शतकात सरकारी अनुदान देऊन असे चर खणले गेले, आता तेच बुजवायचं काम चालू आहे. दक्षिण पेनाइन्समध्ये कारखान्यांच्या धुराने स्फॅग्नमच मरून गेलं होतं, ते परत हाताने लावतायत, आणि माझ्या मते कुठल्याही उत्खननापेक्षा हे काम जास्त महत्त्वाचं आहे. वणवे वेगळेच. २००३ मध्ये नॉर्थ यॉर्क मूर्सच्या फायलिंगडेल्स भागात वणवा लागून वरचं पीट जळून गेलं आणि खालून कोरीव दगडांसकट असंख्य जुने अवशेष उघडे पडले. पुरातत्त्वाच्या लोकांना खजिना मिळाला, पण त्या दगडांच्या भोवतीचं जग ज्या पीटमध्ये होतं ते राख झालं, आणि ते परत मिळणार नाही.

आजच्या थराचं म्हणाल तर तो आत्ताच बराच वाचता येतो, वरच्या फूटभरातच आहे सगळं. साधारण १८५० पासून पुढे दगडी कोळसा आणि तेल जाळून होणारे काजळीचे गोल गोल, जाळीदार कण, जे निसर्गात दुसऱ्या कशानेच होत नाहीत. शिशाचं ते टोक आणि नंतरची उतरण. १९६३ च्या आसपास अणुचाचण्यांचं किरणोत्सारी सीझियम, मग १९८६ चं चेर्नोबिलचं, जे पीटमध्ये पक्कं बसत नाही, गवतातून परत वर येत राहतं, म्हणून तर वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगरांवरच्या काही मेंढ्यांवरची बंधनं २०१२ पर्यंत उठली नव्हती. आणि परागकणांत सिट्का स्प्रूस, मूळचं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं झाड, ब्रिटनमध्ये १८३१ मध्ये आलं आणि विसाव्या शतकात डोंगरच्या डोंगर भरून लावलं गेलं. त्याच्या कणालाही दोन पिशव्या असतात, पाइनसारख्याच, फक्त कण जरा मोठा.

पुढच्या अंकासाठी तळ्यातल्या गाळाबद्दलचे तीन प्रश्न बाजूला ठेवलेत.